कुलूप रस्त्याला आहे, गोदामाला नाही

(कोरडवाहू कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो ऐकून काही जणांना वाटेल, हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचे दुखणे आहे, पराटी उपटणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध असा आहे. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' या मोबाइलच्या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. आधार द्या, सातबारा द्या, पेऱ्याची नोंद द्या, मग तुमचा नंबर. २०१९ पासून पीएम किसानचे हप्ते येतात ते नोंदणी करूनच. पीकविमा, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, महाडीबीटीवरचे अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, प्रत्येक ठिकाणी तेच. गाडीला बैल जुंपायच्या आधी अर्ज भरायचा. नाही भरला तर कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने.

म्हणजे ही नोंदणी आपल्या खुशीची नाही. पूर्वी आपला सातबारा आणि पासबुक घरातल्या ट्रंकेत कुलूप लावून असायचे. आज त्यांचे फोटो कुठकुठल्या संगणकात पडले आहेत, कोणी सांगू शकेल का? बायकोलाही ज्याने खात्यातली शिल्लक कधी सांगितली नसेल, त्याचा खाते क्रमांक आज चार परक्या फोनमध्ये आहे. यावर कोणी प्रश्न विचारला की उत्तर तयार असते: "काळजी करू नका, वेबसाइट सुरक्षित आहे, वर कुलपाचे चित्र पाहा." त्या कुलपाचा हिशेब आज मांडायचा आहे. ते खरे आहे की खोटे, कशाला लागले आहे आणि कशाला लागलेले नाही.

पोस्टकार्ड आणि पेटी

फोनवर अर्ज भरून बटण दाबले की माहिती थेट सरकारच्या संगणकात जाऊन पडत नाही. आधी गावाजवळचा टॉवर, मग मोबाइल कंपनीची यंत्रे, मग आणखी कोणाकोणाची यंत्रे, असे अनेक हात लागत ती पुढे सरकते. उघडी पाठवली तर ती पोस्टकार्डासारखी. वाटेत ज्याच्या हाती लागेल तो वाचणार, आणि पत्र ज्याचे त्याला मजकूर सगळ्यांत शेवटी कळणार.

त्यावर उपाय म्हणजे मजकूर कूटलिपीत घालून पाठवायचा. याला एन्क्रिप्शन म्हणतात. पत्राऐवजी कुलूपबंद पेटी पाठवली असे समजा. पण मग किल्ली कशी पाठवायची? ती त्याच रस्त्याने पाठवली तर रस्त्यातला चोर आधी किल्ली घेईल. या अडचणीवर १९७६ साली अमेरिकेत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी नवी वाट दाखवली. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी आणखी एक पद्धत प्रत्यक्ष बांधून दाखवली. युक्ती सोपी आहे. काही कुलपे नुसती दाबली की बसतात, उघडायलाच किल्ली लागते. वेबसाइट आपले उघडे कुलूप मागेल त्याला देते आणि किल्ली स्वतःजवळ ठेवते. तुमचा फोन त्या कुलपाने पेटी बंद करतो. एकदा बंद झाली की ती तुम्हालाही उघडता येत नाही, मग रस्त्यातल्या चोराला कुठून येणार?

हे कुलूप लोखंडाचे नाही, आकड्यांचे आहे. दोन फार मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे संगणकाला सोपे. पण नुसता गुणाकार देऊन मूळ संख्या कोणत्या ते विचारले तर आजचे मोठमोठे संगणकही थकतात. वेबसाइटचे कुलूप १९९४-९५ साली नेटस्केप या अमेरिकी कंपनीने आणले. आजची पद्धत त्यात बरीच सुधारणा झालेली आहे, पण मूळ विचार हाच. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी'च्या पुढे जो 'एस' लागतो तो या कुलपाचा.

निर्यातबंदी फक्त कापसावर येते असे समजू नका. ती या कुलपावरही आली होती. अमेरिकेच्या सरकारने मजबूत कूटलिपीची गणना दारूगोळ्यात केली आणि १९९० च्या दशकात ती परदेशी पाठवायला बंदी घातली. बाहेरच्या देशांना मिळायचे ते कच्चे, ४० बिटांचे कुलूप. त्याच्या किल्ल्या जास्तीत जास्त १.१ लाख कोटी. ऐकायला आकडा मोठा, पण १९९५ साली फ्रान्समधल्या एका संशोधकाने शंभरावर संगणक लावून सुमारे आठ दिवसांत बरोबर किल्ली शोधून काढली. पक्के कुलूप १२८ बिटांचे. एक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात, म्हणजे तो आकडा ८८ वेळा दुप्पट करायचा. फिल झिमरमन यांनी १९९१ साली असा कूटलिपीचा कार्यक्रम लोकांना फुकट दिला, तर त्यांच्यामागे सुमारे तीन वर्षे चौकशी लागली. १९९६ साली ती खटला न भरता बंद झाली. निर्यातीचे नियम २००० साली बरेच सैल झाले. पक्के कुलूप आज तुमच्या-आमच्या फोनमध्ये आहे ते अशा भांडणांतून आलेले आहे. म्हणून त्याला फालतू म्हणू नका. रस्त्यापुरते ते कुलूप पक्के आहे.

काट्यावरचा शिक्का

पण रस्त्यापुरतेच. पेटी सुखरूप पोचली, पण पोचली कोणाच्या घरी?

बाजारात काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. काटा बरोबर तोलतो एवढेच तो सांगतो. त्या काट्याचा मालक पैसे देईल की बुडवील, यावर शिक्का एक अक्षर बोलत नाही. शिक्का पाहून कापूस घालणारा आणि पट्टीचे पैसे महिनोन्‌महिने मागत फिरणारा शेतकरी आपल्यात नवा नाही.

वेबसाइटच्या कुलपाचे तसेच आहे. कुलूप लावायला एक प्रमाणपत्र लागते. हे नाव ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच तुमचा फोन बोलतो आहे, एवढे ते सांगते. तो भला आहे की लबाड, हे सांगत नाही. २०१५ च्या अखेरपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रे फुकट देते. चांगले झाले, लहान माणसाच्या वेबसाइटलाही कुलूप मिळाले. पण चोरालाही मिळाले. बनावट वेबसाइटवर आज बिनदिक्कत कुलूप असते. लोक कुलूप पाहून भुलतात हे ध्यानात घेऊन गुगलने २०२३ साली आपल्या क्रोममधून कुलपाचे चित्र काढून टाकले आणि तिथे साधे खुणेचे चिन्ह ठेवले. ज्यांनी कुलपाचा प्रचार केला त्यांनीच ते चित्र उतरवले, यावरून काय ते समजा.

आणि शिक्का मारणाराही चुकतो. २०१४ साली आपल्याच देशात, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगल आणि याहू यांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली. ती रद्द करावी लागली.

मग घर ओळखायचे कसे? वडगाव नावाचे गाव कोणत्या तालुक्यात नाही? नुसते वडगाव वाचून कोणी पत्र टाकत नाही, तालुका आणि जिल्हा पाहतो. वेबसाइटचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. 'एचटीटीपीएस' आणि दोन रेघा सोडून द्या. त्यापुढे पहिली तिरपी रेघ येईपर्यंत जे नाव आहे त्याचे शेपूट पाहा. पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन असे संपले तर ते सरकारी घर. 'जीओव्ही डॉट इन' हे शेपूट सरकारी खात्यांनाच मिळते. पण मधल्या टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून 'पीएमकिसान-जीओव्ही डॉट इन' असे नाव केले असेल, किंवा 'जीओव्ही डॉट इन'च्या पुढे आणखी टिंब देऊन भलतेच नाव जोडले असेल, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला वडगाव. सगळ्याच सरकारी महामंडळांच्या पत्त्याला हे शेपूट नसते, म्हणून पत्ता घ्यायचा तो कृषी कार्यालयाच्या किंवा खरेदी केंद्राच्या फलकावरून. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपावरून कधीच नाही.

सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने वेबसाइटी काढून नोंदणीचे पैसे मागणारे किती निघाले! केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल पुन्हा पुन्हा जाहीर इशारे द्यावे लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान यादी' म्हणून येणारी एपीके फाइल त्याहून वाईट. तिला पत्ताच नसतो, मग वाचणार काय? दाबली की चोर फोनच्या आत. बँकेचा निरोप तुमच्या आधी तो वाचतो. अ‍ॅप घ्यायचे ते फोनमधल्या प्ले स्टोअरवरून, आणि तिथेही ते कोणी काढले आहे त्याचे नाव वाचून.

गोदामातली गळती

आता समजा, पत्ता खरा, घर सरकारी. पेटी सुखरूप पोचली. तिथे ती उघडली जाते आणि माल गोदामात पडतो. रस्त्यावरच्या कुलपाचे काम संपले. गोदामाला दार आहे का, हे ते कुलूप कसे सांगणार?

२०१७ साली झारखंड सरकारच्या एका वेबसाइटवर दहा लाखांहून जास्त पेन्शनधारकांचे आधार क्रमांक आणि बँकेची माहिती सगळ्या जगाला दिसत होती. यात चोरी करावी लागली नाही. मालकानेच माल रस्त्यावर मांडला होता. जून २०२२ मध्ये बातमी आली की पीएम किसानच्या वेबसाइटच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत होते. एका भारतीय संशोधकाने जानेवारीतच सरकारी यंत्रणेला कळवले होते, दुरुस्ती मेअखेर झाली. हमीभावासाठी तारीख उलटली तर पोर्टल एक दिवस थांबत नाही. त्यांच्या गोदामाचे दार लावायला मात्र चार महिने.

आधार क्रमांक कळला तर काय बिघडते, असे विचारणारे आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण. २०२२ च्या सुमारास आंध्र-तेलंगणाकडे आणि हरियाणात पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या, ज्यांनी सरकारी वेबसाइटवरचे जमिनीचे खरेदीखत उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्याचे रबरासारख्या पदार्थाचे ठसे बनवले आणि अंगठ्यावर पैसे देणाऱ्या यंत्रातून खाती रिकामी केली. ओटीपी आला नाही, फोन आला नाही. जमीन विकणाऱ्याने प्रामाणिकपणे कागदावर केलेला अंगठा त्याच्याच मुळावर आला. चोरलेला पासवर्ड बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

टेबलावरची गळती

तिसरी गळती आपल्या डोळ्यांसमोर होते. आपल्यातले किती जण स्वतःच्या फोनवर अर्ज भरतात? बहुतेक जण सेवा केंद्रावर जातात. रांग लांब, सर्व्हर बंद, तारीख उद्याची. टेबलामागचा पोरगा म्हणतो, "काका, आधार, सातबारा अन्‌ पासबुक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, रात्री भरतो." आपण टाकतो. रात्री ओटीपी विचारायला फोन येतो, तोही सांगतो. काम होते, आपण सुटकेचा श्वास सोडतो. कागद मात्र त्याच्या फोनमध्ये राहतात. त्या पोराला आम्ही चोर म्हणत नाही. अर्जामागे चार पैसे मिळवणारा तोही आपल्याच घरचा आहे. पण त्याचा फोन हरवला, विकला, दुसऱ्याच्या हाती गेला, तर शे-दोनशे घरांची ट्रंक उघडी पडली.

२०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. २०२५ साली ती योजना बंद झाली. मधल्या काळात दुसऱ्याच्या शेतावर, देवस्थानच्या आणि सरकारी जमिनीवरसुद्धा विमा उतरवलेला निघाला. सुमारे चार लाख अर्ज बोगस निघाल्याचे २०२५ च्या सुरुवातीला राज्याच्या कृषिमंत्र्यांनीच सांगितले. बोगसगिरी करणाऱ्यांना दुसऱ्याच्या जमिनीचा तपशील किती सहज हाती लागतो, हे त्यातून दिसले. शेवटी बदनामी झाली ती शेतकऱ्याची.

आपल्या आजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि जमिनी गेल्या. ओटीपी हा आजचा अंगठा आहे. कशावर देतो आहोत हे वाचल्याशिवाय तो द्यायचा नाही.

कायदा कोणाच्या बाजूचा?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो शहरातल्याचा जेवढा, तेवढाच वखरामागे चालणाऱ्याचा. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली.

कायद्यात चांगले आहे ते सांगतो. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवलेच पाहिजे. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड जातो कोठे? केंद्राच्या तिजोरीत. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला या कायद्यात भरपाई नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे कलम होते, तेही काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सरकारला आपल्या संस्थांना यातून सूट देण्याची मुभा आहे. अनुदान आणि लाभ देण्यासाठी ठरावीक अटींवर संमतीशिवायही माहिती वापरता येते. आणि शेतकऱ्याने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर त्याला १० हजारांपर्यंत दंड! माल आमचा, गोदाम त्यांचे, गळती झाली तर दंडही त्यांच्याच तिजोरीत.

आम्ही नोंदणीला विरोध करत नाही. नोंदणीने मधला दलाल कटत असेल तर हवीच आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. जो माहिती द्यायला भाग पाडतो, त्याने ती सांभाळण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. कामापुरतीच माहिती मागा. काम संपल्यावर ती का ठेवली ते सांगा. फुटली तर मराठीत, शेतकऱ्याच्या नावाने कळवा. पैसे गेले तर भरून द्या. आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी खरेदी केंद्रावर कागदाची खिडकी उघडी ठेवा.

गावात परत गेल्यावर

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक गावाने एवढे करावे.

पहिले, सरकारी वेबसाइटींचे खरे पत्ते कृषी कार्यालयातून लिहून आणा आणि चावडीवर, सोसायटीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवा.

दुसरे, सेवा केंद्रावर कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. समोर बसून अर्ज भरून घ्यायचा आणि उठण्याआधी कागदांचे फोटो आपल्यासमोर पुसायला लावायचे. भीड बाळगायची नाही.

तिसरे, आधारची झेरॉक्स मागितली तर चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्या. ते आधार प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून मिळते. झेरॉक्सवर 'फक्त अमुक कामासाठी' असे लिहून तारीख टाका.

चौथे, आधारवरचे अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही तिथेच आहे. एक अडचण आधीच सांगतो. ठसे बंद असले तर रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरते उघडावे लागतात. ज्याचे रेशन अंगठ्यावर आहे त्याने घरातल्या शिकलेल्या पोरीकडून ही उघडझाप शिकून घ्यावी.

पाचवे, पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा, बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो. पहिल्या तासात सांगितले तर ते अडवता येण्याची आशा असते, आठवड्याने सांगितले तर फार थोडी.

आणि शेवटचे. गावात कोणी फसला तर त्याला हसू नका. शिकलेले, सवरलेले, बँकेत नोकरी केलेलेही फसले आहेत. हसणाऱ्या गावात फसलेला माणूस तोंड उघडत नाही, आणि तो गप्प बसला की चोर शेजारच्या घरी जातो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्याकडच्या अशा प्रकरणांची यादी आणावी, तारीख, रक्कम आणि तक्रारीची पोच यांसह. ती यादी घेऊन आपण सगळे मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ आणि गोदामाच्या कुलपाचा हिशेब मागू.